अकरा पत्रे

एकलबाऱ्याच्या पुढे, कोतरं संपतात तिथे
पाटबंधारे खात्याची एक खोली.
पाण्याची उंची मोजणारा कोणी राहायचा त्यात,
भिंतीवर त्याचे पेन्सिलीचे आकडे
ब्याण्णवच्या भाद्रपदापर्यंत,
मग एक खिळा. त्यावर काही नाही.
इथे मही धड नदी राहत नाही, समुद्रही होत नाही.
बडोद्याहून बसने दीड तास,
पुढे रायसंगच्या फटफटीवर.

जस्ताचे अकरा पत्रे नेले होते मी
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
सहा महिन्यांची बिनपगारी रजा.
विभागात सांगितलं, क्षितिज करणार आहे.
मधुलता हसली : मग एकच रेघ लागेल,
रविवारी जाऊन ये.

रेघच नव्हती.
ओहोटीचा चिखल मैलभर राखाडी,
आभाळ त्याच डब्यातल्या शाईचं.
सुई टेकवावी कुठे?
बगळा उभा राहिला की तेवढी जागा ठरायची.
उडाला की गेली.
कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला.
शहराची आठवण एकदाच आली,
सेवउसळीची, तीही जळजळीत तरीची.

रायसंग पढियार तिसऱ्या दिवशी येई,
पाण्याचे दोन कॅन, दूध, कधी वांगी.
दारातूनच : "बेन, आजे शुं कर्युं?"
बघितलं.
"बस, जोयुं?"
मग तोही बघत उभा राही जरा वेळ,
आपलं काही बघायचं राहून गेलंय का
अशा चेहऱ्याने.

पुनवेला घोडा येतो, तो म्हणाला होता.
आधी ऐकू येतो, मग दिसतो.
आखातातून पाण्याची कमरेएवढी भिंत
नदी उलटी चढत येते.
मी दिवा विझवला, का ते माहीत नाही.
फळीवर अकरा पत्रे किणकिणू लागले
आणि मी, बावन्न वर्षांची बाई,
त्यांच्यावर दोन्ही हात दाबून उभी,
पाहुण्यांसमोर पोरांना गप्प करावं तशी.
घोडा गेला.
मी पाहिलाच नाही.

माघात त्याच्या होडीतून खाली गेलो, बरंच खाली.
तिथे सिमेंटचा एक कालवा तोंड उघडतो,
पाणी कोऱ्या चहासारखं, वर फेस.
रायसंगने वल्हं थांबवलं, हनुवटीने दाखवलं :
"तमारुं वडोदरा."
कारखान्यांचं येतं, म्हणतात.
फतेगंजातल्या आमच्या मोरीचं येतं की नाही
मला ठाऊक नाही.
सत्तावीस वर्षं मी तिच्यात नायट्रिक ओतलं आहे,
वर बादलीभर पाणी, की झालं.
वास मात्र
मी डोळे मिटून ओळखला असता.
जिथे कोणीच नाही म्हणून आले होते
तिथे मी आधीच येऊन बसलेले.

परतताना बोललो नाही.
दुसऱ्या दिवशी पत्रे सोडवले,
मोजपट्टीच्या खांबाला नायलॉनच्या दोरीने बांधले,
मेण नाही, सुई नाही.
भरती यायची, जायची.
मी दोरीच्या गाठी तपासायचे, एवढंच काम.
फाल्गुनात वर काढले तेव्हा
पांढरी भुकटी, खड्डे, शंखाने चाटलेल्या वाटा,
आणि पाणी जिथे तासभर घुटमळलं होतं तिथे
एक रेघ,
दातांनी दोरा तोडावा तशी.

दहाच आणले परत.
अकरावा रायसंगने मागितला, होडीच्या बुडाला.
त्याच्यावरचं सगळ्यात चांगलं उतरलं होतं.
देताना हात जड झाला, हे त्याला कळलं असावं.
त्याने खिळे ठोकले मी निघाल्यानंतर.

आज पहिला ठसा काढला.
मुलं विचारतात, मॅडम, हे काय आहे?
चिखल, म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं.
संध्याकाळी मोरीपाशी तबक धरून थांबले.
सोडा घातला. फेस उठला, बसला.
पुन्हा घातला.
मग ओतलंच, दुसरं काय करणार.

परवा अष्टमी.
भांगाचं पाणी, घोडा येत नाही.
रायसंग होडी काढेल बहुतेक.